सूर्यकेंद्री की पृथ्वीकेंद्री? ग्रहांच्या गणितात सूर्य सगळीकडे का येतो

मृगशीर्ष (धागाकर्ता)

शाळेत ही गोष्ट फार घाईत उरकतात. पूर्वी लोकांना वाटायचं पृथ्वी मध्यभागी आहे, मग कोपर्निकस म्हणाला सूर्य मध्यभागी आहे, गॅलिलिओला शिक्षा झाली, धडा संपला. अशा सांगण्यात दीड हजार वर्षं रात्र रात्र जागून आकाश मोजणारी सगळी माणसं अडाणी ठरतात. मला ते पटत नाही. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

माझं म्हणणं असं: १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ छापून आला तेव्हा ‘अमुक दिवशी ग्रह कुठे दिसेल’ या प्रश्नात पृथ्वीकेंद्री गणित फारसं मागे नव्हतं. सूर्यकेंद्री मांडणीचं बळ दुसरीकडे होतं. जुन्या गणितात पाचही ग्रहांच्या हिशेबात सूर्य येऊन बसला होता, आणि तो तिथे का, याचं उत्तर त्या गणिताजवळ नव्हतं.

उदाहरण मंगळाचं घेऊ. तारकांमधून रोज थोडा थोडा पूर्वेकडे सरकणारा मंगळ सरासरी ७८० दिवसांनी एकदा थबकतो, दोन-अडीच महिने उलटा चालतो, पुन्हा थबकतो आणि सरळ निघतो. पंचांगात आपण याला वक्री-मार्गी म्हणतो. आता मेख बघा. वक्री काळाच्या साधारण मधोमध मंगळ सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य मावळला की उगवतो, मध्यरात्री माथ्याकडे येतो, आणि सगळ्यात तेजस्वी तेव्हाच दिसतो. गुरू-शनीचंही हेच. बुध आणि शुक्र तर सूर्याची पाठ सोडतच नाहीत. बुध फार तर २८ अंश लांब जातो, शुक्र ४७. हे दोघं वक्री होतात ते पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाताना.

टॉलेमीने इ. स. १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात यासाठी मोठ्या वर्तुळावर फिरणारं छोटं वर्तुळ वापरलं. आपल्या सिद्धांतकारांनी (ग्रहगणिताचे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी) ग्रहाला दोन संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, दिले, मंद आणि शीघ्र. मंदफल ग्रहाच्या स्वतःच्या कमी-जास्त वेगासाठी, शीघ्रफल वक्री-मार्गीसाठी. मंगळ, गुरू, शनी यांचं शीघ्रोच्च (ज्या फिरत्या बिंदूवरून शीघ्रफल काढतात तो) म्हणजे चक्क मध्यम सूर्य, सरासरी वेगाने चालणारा सूर्य. बुध-शुक्रांच्या बाबतीत उलट आहे: तिथे मध्यम ग्रह म्हणजे मध्यम सूर्य, आणि शीघ्रोच्च फिरतं ते साधारण ८८ आणि २२५ दिवसांत. पाचातला एकही ग्रह सूर्याला विचारल्याशिवाय हलत नाही.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. सूर्यसिद्धांत या जुन्या संस्कृत ग्रंथात शीघ्र परिधी (शीघ्रफलाच्या छोट्या वर्तुळांचे घेर) दिले आहेत, मोठं वर्तुळ ३६० अंशांचं धरून. समपदांती, म्हणजे वर्तुळाच्या दुसऱ्या आणि चौथ्या चतुर्थांशाच्या शेवटी, मंगळाचा परिधी २३५, बुधाचा १३३, गुरूचा ७०, शुक्राचा २६२, शनीचा ३९. बुध-शुक्रांच्या आकड्याला ३६०ने भागा. बाहेरच्या तिघांसाठी ३६०लाच त्या आकड्याने भागा. बुध ०.३७, शुक्र ०.७३, मंगळ १.५३, गुरू ५.१४, शनी ९.२३. आता पृथ्वी ते सूर्य अंतर १ धरून आजची सरासरी अंतरं बघा: ०.३९, ०.७२, १.५२, ५.२० आणि ९.५४.

म्हणजे सौरमालेचा नकाशा त्या पोथीत होता. पृथ्वी मधोमध ठेवून गणित करणाऱ्याला तो नकाशा म्हणून वाचता येत नव्हता, कारण त्याच्या मांडणीत प्रत्येक ग्रहाचं माप सुटं होतं. शुक्राचं मोठं वर्तुळ दुप्पट केलं आणि त्याच प्रमाणात छोटंही, तर आकाशात काहीच बदलत नाही. सूर्य मध्ये ठेवला की ही मोकळीक संपते. पाचही मापं एकाच फूटपट्टीवर येतात, आणि ती फूटपट्टी म्हणजे आपलं स्वतःचं सूर्यापासूनचं अंतर.

---

खडूफळा

मृगशीर्ष, फार छान लिहिलंय. मी आठवीला विज्ञान शिकवते. मुलांचा पहिला प्रश्न दरवर्षी एकच असतो: ‘बाई, पृथ्वी फिरते तर आपल्याला कळत कसं नाही?’ पुस्तकात त्याला एका ओळीचं उत्तर आहे आणि त्यावर मुलांचं समाधान होत नाही. जुन्या लोकांचे आक्षेप नेमके काय होते ते कोणी सविस्तर लिहील का? वर्गात आधी आक्षेप मांडून मग उत्तराकडे जायचं, असं मनात आहे.

---

अगस्ती

बाई, तुमच्या मुलांचा प्रश्न वराहमिहिराचाच आहे. सहाव्या शतकात पंचसिद्धांतिकेत तो म्हणतो की पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले ससाणे वगैरे पक्षी आपल्या घरट्यात परत पोचलेच नसते. घरटं पुढे निघून गेलं असतं. ब्रह्मगुप्तानेही ६२८ साली, पृथ्वी स्वतःभोवती फिरते या आर्यभटाच्या मतावर कडक टीका केली. ही हुशार माणसांची शंका होती. चालत्या बोटीतून वर फेकलेला चेंडू बोटीतच का पडतो हे ज्याला नीट सांगता येत नाही, त्याने पृथ्वी स्थिर मानणं अगदी रास्त आहे. गतीचा तो नियम गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्या काळात, सतराव्या शतकात, पक्का झाला.

दुसरा आक्षेप याहून भारी होता. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सामोसच्या अरिस्टार्कसने सूर्य मध्यभागी ठेवला होता. आर्किमिडीजच्या लिखाणातून ते आपल्याला कळतं. त्याला लगेच विचारता येतं: पृथ्वी एवढी मोठी प्रदक्षिणा घालते, मग जानेवारीत आणि जुलैत तारे थोडे सरकलेले का दिसत नाहीत? डोळ्यासमोर बोट धरून आलटून पालटून एकेक डोळा मिटला की बोट सरकतं, तसं. अरिस्टार्कसचं उत्तर होतं की तारे अतिशय लांब आहेत. उत्तर बरोबर होतं, पण तेव्हा ते पळवाटेसारखंच वाटलं असणार.

ही सरक मोजायला १८३८ साल उजाडलं. फ्रेडरिक बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याची सरक मोजली, सुमारे ०.३१ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). एक रुपयाचं नाणं चौदा-साडेचौदा किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढी. टॉलेमीला ती दिसली नाही यात त्याचा काय दोष?

---

सह्यकडा

चर्चा चांगली आहे, पण एक गोष्ट खटकते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सूर्यकेंद्री सिद्धांत मांडला होता, कोपर्निकसच्या हजार वर्षं आधी. तरी सगळं श्रेय युरोपला. आपणच आपल्या माणसांची नावं घेत नाही, तर बाहेरचे कशाला घेतील?

---

मृगशीर्ष

सह्यकडा, तुमची कळकळ पोचली. आर्यभटाबद्दल मलाही तितकाच अभिमान आहे, म्हणून त्याने जे केलं ते जसंच्या तसं सांगावंसं वाटतं. ते पुरेसं थोर आहे.

आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगितलं. त्याच्या आर्यभटीय ग्रंथाच्या गोलपाद या भागातला नावेचा श्लोक आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो: ‘अनुलोमगतिर्नौस्थः पश्यत्यचलं विलोमगं यद्वत्’. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तशी स्थिर नक्षत्रं आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. नुसता दृष्टांत देऊन तो थांबत नाही. महायुगाच्या ४३,२०,००० वर्षांत पृथ्वीच्या फेऱ्या १,५८,२२,३७,५०० असा आकडाच देतो. त्यावरून एका फेरीचा वेळ काढा: २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंद. आजच्या मापाशी सेकंदाच्या अंशात जुळतो. हातात दुर्बीण नाही, आजच्यासारखं घड्याळ नाही, आणि हा आकडा!

त्याचं आणखी एक वाक्य आहे, की एका प्राणात, म्हणजे चार सेकंदांत, पृथ्वी एक कला (अंशाचा साठावा भाग) फिरते. पुढच्या काहींना हे इतकं अवघड गेलं की त्यांनी तिथे ‘भूः’च्या जागी ‘भं’ असा पाठ घेतला. पृथ्वीऐवजी नक्षत्रमंडळ फिरायला लागलं. त्याचे अनुयायीसुद्धा त्याच्याबरोबर तिथवर जायला कचरले, यावरून तो किती पुढे होता ते कळतं.

पण स्वतःभोवती फिरणं वेगळं आणि सूर्याभोवती फिरणं वेगळं. आर्यभटीयात ग्रहांच्या कक्षा पृथ्वीभोवती आहेत, क्रमही तसाच सांगितला आहे. शीघ्रोच्चाच्या रचनेमागे सूर्यकेंद्री विचार दडलेला असावा असं काही अभ्यासकांनी म्हटलंय, बहुतेकांना ते मान्य नाही. मलाही वाटतं की ते आकडे निरीक्षणातूनच आले. सूर्य तिथे आपोआप येतो, कारण आकाशच तसं आहे.

नाव घ्यायचंच तर नीलकंठ सोमयाजींचं घ्या. हे केरळचे, १४४४ साली जन्मलेले. बुध-शुक्रांसाठी सिद्धांतांत जो उलटा हिशेब होता तो त्यांना खटकला. त्यांनी मंदसंस्कार थेट बुध-शुक्रांच्या आपल्या फेरीला लावला, १५००च्या सुमारास तंत्रसंग्रहात. पुढे तर पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती, अशी रचनाही सांगितली. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने हीच मांडणी १५८८ मध्ये छापली. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एकाच आकाशाकडे नीट पाहिलं की माणसं एकाच ठिकाणी पोचतात, याहून सुंदर काय असेल?

---

पंचांगगणित

थोडी भर. आमच्याकडे अजून ग्रहलाघवाची पोथी आहे, म्हणून या विषयाशी घरचं नातं आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, तो ग्रंथ केला. हे नांदगाव कोकण किनाऱ्यावरचं, मुरूड-जंजिऱ्याजवळचं. त्यांनी ज्या-चापाचं (ज्या म्हणजे कोनाचा साइन) किचकट काम काढून टाकलं आणि पंचांग करणाऱ्याला बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकारांत ग्रह काढता येईल असं केलं. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जोशांनी शतकानुशतकं त्यावर पंचांगं केली. त्या गणितात पृथ्वी मध्यभागी आहे आणि ग्रहाचा उदयास्त, वक्री-मार्गी सगळं व्यवहारापुरतं बरोबर येतं. पुढे चूक साठत गेली ती ग्रहांच्या मध्यम गतीत सूक्ष्म फरक होते म्हणून. पृथ्वी मध्ये ठेवल्यामुळे नव्हे. हे दोन मुद्दे लोक नेहमी एकत्र करतात.

केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६०मध्ये युरोपीय कोष्टकांच्या आधाराने मराठीत ग्रहसाधनाची कोष्टकं दिली, तिथून आपली पंचांगं हळूहळू नव्या गणिताकडे वळली. आज कुठलंही दृक्‌प्रत्ययी (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं) पंचांग घ्या. आत गणित सूर्यकेंद्री होतं, आणि शेवटच्या पायरीला ते पृथ्वीवरून कसं दिसेल त्यात बदललं जातं. वाचणाऱ्याला दिसते ती पृथ्वीकेंद्री रास आणि अंश.

या धाग्याच्या विषयावर मराठीत पहिला मोठा वाद झाला तो १८३६-३७ साली. भोपाळजवळच्या सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज पोलिटिकल एजंट होता. त्याचं मत असं, की इथल्या लोकांना थेट कोपर्निकस शिकवू नका, आधी त्यांच्याच भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी शिकवा. पृथ्वी गोल आणि निराधार आहे हे त्यात आहेच, पुढची पायरी मग सोपी. त्याच्या सोबत काम करणारे सुबाजी बापू यांनी १८३६मध्ये सिद्धांतशिरोमणिप्रकाश हे पुस्तक मराठीत लिहिलं. पुराणांतली मेरू पर्वताभोवतीची सपाट पृथ्वी, सिद्धांतांतली गोल पण स्थिर पृथ्वी, आणि कोपर्निकसची फिरती पृथ्वी, असे तिन्ही पक्ष एकाशेजारी एक ठेवून त्यांनी तपासले. पुढच्याच वर्षी यज्ञेश्वर शास्त्र्यांचा अविरोधप्रकाश आला. पुराणं आणि सिद्धांत यांत विरोध नाही, हा त्यांचा पक्ष. त्याला सुबाजींनी पुन्हा उत्तर दिलं. आज आपण इथे जे करतोय ते मराठी माणसं १९० वर्षांपूर्वी छापून करत होती, हे कळल्यावर मला भरून आलं होतं.

---

खडूफळा

सुबाजी बापूंचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. हे आमच्या पुस्तकात एका चौकटीत तरी असायला हवं. मुलांना युरोपातली नावं पाठ असतात आणि आपल्या भाषेत हा वाद झाला होता याचा पत्ता नसतो.

---

प्रतलांतर

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहे, सध्या जर्मनीत. एक प्रामाणिक शंका. आइन्स्टाइननंतर कुठलीही संदर्भचौकट चालते. पृथ्वी स्थिर धरून सगळी समीकरणं लिहिता येतात, फक्त जास्त लांबतात. मग ‘सूर्यकेंद्री खरं, पृथ्वीकेंद्री खोटं’ या म्हणण्याला अर्थ काय उरतो? दोन्ही सोयीच्या गोष्टी नाहीत का?

---

अगस्ती

प्रश्न योग्य आहे, आणि गतीच्या वर्णनापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. टायकोची रचना आणि कोपर्निकसची रचना यांत ग्रहांची एकमेकांपासूनची अंतरं हुबेहूब सारखी असतात. ‘मी इथे उभा आहे’ एवढं बदलतं. म्हणूनच १६१०च्या अखेरीस गॅलिलिओला शुक्राच्या चंद्रासारख्या कला दिसल्या तेव्हा टॉलेमीचा शुक्र बाद झाला, टायकोचा नाही. टॉलेमीचा शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला राहतो, त्याची अर्ध्याहून मोठी कला कधी दिसूच नये. गॅलिलिओला जवळजवळ पूर्ण बिंब दिसलं, तेही सर्वांत लहान आकाराचं, म्हणजे शुक्र सूर्याच्या पलीकडे गेलेला. पण सूर्याभोवती फिरणारा शुक्र टायकोकडेही होताच. पुढची काही दशकं अनेक जाणते लोक टायकोच्या बाजूने होते. रिचोली या जेझुइट खगोलज्ञाने १६५१मध्ये पृथ्वीच्या गतीच्या बाजूने ४९ आणि विरुद्ध ७७ युक्तिवाद मोजून मांडले. त्यातले काही फार धारदार आहेत.

पण वर्णन सोडून ‘का’कडे आलं की चौकटी सारख्या राहत नाहीत. सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट आहे. दोघंही आपल्या समाईक वस्तुमध्याभोवती फिरतात, आणि तो मध्य सूर्याच्या पोटात आहे. गुरूमुळे सूर्य स्वतःही डुलतो, इतका की त्या दोघांचा मध्य सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो. म्हणजे नेमकं बोलायचं तर सूर्यसुद्धा स्थिर केंद्र नाही. पृथ्वी स्थिर धरलीत तर दर वर्षाच्या तालावर अख्खं विश्व हलवणारं एक बळ तुम्हाला हाताने घालावं लागतं, आणि त्याचं कारण सांगता येत नाही. मृगशीर्ष यांनी सूर्यसिद्धांतात दाखवलं तेच पुन्हा: पृथ्वीची गती प्रत्येक वस्तूच्या हिशेबात वेगवेगळी लिहीत बसायचं.

पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीसाठी तर आकाशात पाहायचीही गरज नाही. पुण्याला आयुका या खगोलशास्त्र संस्थेत फुकोचा लंबक आहे. फुकोने पॅरिसमध्ये १८५१ साली दाखवला तोच प्रयोग. पॅरिसला झोक्याचं प्रतल जवळपास ३२ तासांत पूर्ण फिरतं. पुण्याच्या अक्षांशावर, साडेअठरा अंशांवर, त्याला सुमारे ७५ तास लागतात. अक्षांशाची ज्या घेतली की दोन्ही आकडे येतात. लंबकाला दिशा बदलायला लावणारं खोलीत कोणी नसतं, खालची जमीन वळत असते.

---

नारायणगावकर

खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या परिसरातला आहे मी, आणि पल्सारची (नियमित तालाने रेडिओ ठोके पाठवणाऱ्या फिरत्या ताऱ्यांची) निरीक्षणं जवळून पाहिली आहेत. प्रतलांतर यांच्या प्रश्नाला रोजच्या कामातलं उत्तर देतो.

पल्सारचे ठोके अतिशय नियमित असतात. पण दुर्बिणीवर आलेल्या वेळा जशाच्या तशा मांडल्या तर ते ठोके वर्षभर लवकर-उशिरा येताना दिसतात. क्रांतिवृत्ताजवळच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेजवळच्या) पल्सारसाठी ही मागेपुढे जवळजवळ ८ मिनिटं २० सेकंद दोन्ही बाजूंना असते. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला लागणारा वेळ तो हाच. पृथ्वी पल्सारकडच्या बाजूला असते तेव्हा ठोका लवकर, सहा महिन्यांनी पलीकडे असते तेव्हा उशिरा. म्हणून जगातला प्रत्येक पल्सार-अभ्यासक आधी सगळ्या वेळा सौरमालेच्या वस्तुमध्याला नेतो. तसं केलं की वेगवेगळ्या दिशांचे सगळे पल्सार एकदम शिस्तीत येतात. आकाशाच्या चारी बाजूंना विखुरलेल्या, एकमेकांशी काही देणं-घेणं नसलेल्या ताऱ्यांनी पृथ्वीच्या वर्षाचा ताल धरला आहे, असं म्हणण्यापेक्षा आपण फिरतोय हे म्हणणं सरळ आहे.

जेम्स ब्रॅडलीने हीच गोष्ट १७२९ मध्ये प्रकाशाच्या दिशेवरून दाखवली होती. वर्षभरात तारे २०.५ विकलांपर्यंत सरकतात, आणि सगळे एकाच प्रमाणात, जवळचे असोत की लांबचे. पृथ्वीच्या वेगामुळे प्रकाश तिरका येतो. बेसेलच्या शंभर वर्षं आधी पृथ्वीच्या प्रदक्षिणेचा हा थेट पुरावा मिळाला होता.

---

प्रतलांतर

नारायणगावकर, हे पटलं. ‘चौकट निवडता येते’ आणि ‘कुठलीही चौकट तितकंच समजावते’ ही दोन वेगळी विधानं आहेत. आता एक सांगा: टॉलेमीच्या गणितात शतकानुशतकं छोटी वर्तुळं वाढत गेली, शेवटी डोलारा कोसळला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं आहे का?

---

मृगशीर्ष

नाही. मध्ययुगात ग्रहांची कोष्टकं मूळ टॉलेमीच्याच रचनेवर चालली, वर्तुळावर वर्तुळ चढवत गेल्याचा पुरावा नाही. उलट कोपर्निकसलाच सूर्य मध्ये ठेवूनही छोटी वर्तुळं वापरावी लागली, कारण कक्षा वर्तुळांनीच बनली पाहिजे हा आग्रह त्याने सोडला नव्हता. त्याच्या आधीच्या छोट्या टिपणाच्या शेवटी तो अभिमानाने सांगतो की सगळ्या विश्वाला ३४ वर्तुळं पुरतात. शिवाय त्याच्या मांडणीचं केंद्र खऱ्या सूर्यात नव्हतं, पृथ्वीच्या कक्षेच्या मध्यात होतं.

त्याला टॉलेमीचं जे खुपत होतं ते निराळं. टॉलेमीने ग्रहाची गती एका रिकाम्या बिंदूवरून एकसारखी मोजली होती, आणि तो बिंदू वर्तुळाचा मध्य नव्हता. हे खुपणारा कोपर्निकस पहिला नव्हे. मराघ्याचा नसीरुद्दीन तुसी आणि दमास्कसचा इब्न अल्-शातिर यांनी तेराव्या-चौदाव्या शतकात त्यावर तोड काढली होती. कोपर्निकसची चंद्राची रचना तर इब्न अल्-शातिरच्या रचनेशी तंतोतंत जुळते.

अचूकतेत मोठी उडी आली ती केप्लरमुळे. टायकोच्या मंगळाच्या नोंदी त्याच्या हाती आल्या. वर्तुळ धरून त्याने सगळं बसवलं, तरी काही ठिकाणी ८ कलांचा फरक राहिला. पूर्ण चंद्रबिंबाच्या साधारण पावपट. दुसऱ्या कोणीही तो निरीक्षणाच्या चुकीत ढकलून दिला असता. केप्लरला ठाऊक होतं की टायको ८ कलांनी चुकणारा माणूस नाही. त्या विश्वासावर त्याने वर्तुळ सोडलं आणि १६०९मध्ये लंबवर्तुळ जाहीर केलं, खरा सूर्य त्याच्या नाभीत ठेवून. सूर्यकेंद्री विचाराचा मला सगळ्यात मोठा क्षण हाच वाटतो, १५४३चा नाही. १६२७मध्ये त्याची कोष्टकं आली. १६३१ च्या नोव्हेंबरात बुध सूर्यबिंबावरून जाईल असं त्याने आधी सांगून ठेवलं होतं. केप्लर १६३०मध्येच गेला, पण पॅरिसमध्ये गासेंदीने तो छोटा काळा ठिपका प्रत्यक्ष पाहिला.

---

खडूफळा

हे सगळं छापून वर्गात लावणार आहे. आता शेवटचं मागणं. मुलांना स्वतः करून बघता येईल असं काही सुचवा. शाळेत दुर्बीण नाही.

---

मृगशीर्ष

दुर्बीण नको. शुक्र घ्या. संध्याकाळचा शुक्र असेल तेव्हा दर आठवड्याला त्याचं सूर्यापासूनचं अंतर अंशांत लिहून ठेवायला सांगा. ते वाढत वाढत ४६-४७ अंशांवर जातं आणि मग कमी व्हायला लागतं. सगळ्यात मोठा आकडा धरा. त्या वेळी पृथ्वी-शुक्र रेषा शुक्राच्या कक्षेला स्पर्श करते, म्हणून शुक्रापाशी काटकोन होतो. ४६ अंशांची ज्या कोष्टकात बघा: ०.७२. पृथ्वीचं अंतर १ तर शुक्राचं ०.७२. मुलांनी सौरमालेतलं एक अंतर स्वतः मोजलं.

---

पंचांगगणित

बाई, आकाश ढगाळ असेल तर अडू नका. पंचांगात रोजचे स्पष्ट ग्रह असतात. सूर्याचे राशी-अंश-कला आणि शुक्राचे राशी-अंश-कला वजा करा. दोन्ही निरयन किंवा दोन्ही सायन (राशी मोजायला सुरुवात कुठून करायची याच्या दोन पद्धती) घ्या म्हणजे झालं. अयनांश, म्हणजे त्या दोन आरंभांमधला फरक, दोन्हीकडे सारखे असल्याने वजाबाकीत निघून जातात. मुलांना राशीचे ३० अंश करून बेरीज-वजाबाकी करायची सवय होईल ती वेगळीच. आलेखाच्या कागदावर तारखा आडव्या, अंश उभे.

---

नारायणगावकर

शुक्र झाला की वरच्या वर्गाला बुध द्या. बुधाचा कमाल आकडा प्रत्येक वेळी वेगळा येतो, कधी १८ अंश तर कधी २८. मुलं म्हणतील आमचं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, बुधाची कक्षा बरीच लांबट आहे. दोन्ही टोकांच्या ज्या काढा, ०.३१ आणि ०.४७ येतील. बुधाचं सूर्यापासूनचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतर जवळपास हेच आहे.